गॅस संपत नाही

गुरुवार, रात्र

"गॅस संपलाय, जरा भरून द्या." उन्हाळ्यातले माझे बहुतेक फोन याच वाक्याने सुरू होतात. आजचा पहिलाही तसाच.

एसीतला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, झिजत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो. आतल्या कॉइलमध्ये त्याची वाफ होते तेव्हा तो खोलीतली उष्णता उचलतो, बाहेरच्या कॉइलमध्ये त्या वाफेचा पुन्हा द्रव होतो तेव्हा ती टाकून देतो. जोड घट्ट असतील तर मशीन भंगारात जाईपर्यंत तेवढाच गॅस पुरतो. कमी झाला याचा अर्थ कुठूनतरी गळतोय. आज काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अहो, पण दरवर्षी येऊन भरून जातात की!"

तिथेच तर मला राग येतो. दरवर्षी भरून जातात आणि दरवर्षी तो हवेत जातो. गळती शोधायला वेळ लागतो, भरायला लागत नाही.

आउटडोअर युनिटचं झाकण काढलं. जाड नळीच्या फ्लेअरवर, म्हणजे जोडासाठी कर्ण्यासारख्या पसरवलेल्या तोंडावर, बसणाऱ्या नटवर तेलकट काळपट डाग होता, वर धुळीचा थर. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस उडून जातो, तेल मागे राहतं, म्हणून डाग दिसला की निम्मा शोध झाला. तरी खात्री करायचीच. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेतला, नळ्यांना नायट्रोजनचा दाब दिला आणि जोडावर साबणाचं पाणी सोडलं. सुरुवातीला काहीच नाही. मग नटच्या खालच्या कडेला एक बारीक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. काकांना जवळ बोलावलं. चष्मा सावरत ते बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माझे पैसे इथून जात होते!"

नट उघडला तर फ्लेअरला केसाएवढी चीर. कुणीतरी पान्याने जीव खाऊन आवळलेला. तांबं मऊ असतं. कमी आवळलं तर गळतं, जास्त आवळलं तर फ्लेअर पातळ होऊन चिरतो. नळी कापली, आतली कोर साफ केली, नवा फ्लेअर काढला आणि टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकाच आवळता येणाऱ्या पान्याने, आवळला. हाताच्या अंदाजावर माझा विश्वास आहे, पण या कामात नाही.

मग व्हॅक्यूम पंप लावला. हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. पंप घुरघुरत राहतो, बाकी काही घडताना दिसत नाही. काकांनी दोनदा येऊन विचारलं, "गॅस कधी भरणार?" मी त्यांना स्टूलवर बसवून गेज दाखवला. नळी उघडली की हवा शिरते आणि हवेबरोबर ओलावा. आर-410ए नावाच्या एसीतल्या गॅसबरोबर वापरतात ते तेल ओलावा पटकन पितं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग हळूहळू खातं. हा ओलावा पुसता येत नाही, उकळूनच काढावा लागतो. त्यासाठी नळी तापवायची नाही, दाब उतरवायचा. हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटरइतका असतो. तो 24 मिलिमीटरच्या खाली आणला की 25 अंशांनाही पाणी उकळू लागतं. आम्ही 500 मायक्रॉनपर्यंत जातो, म्हणजे अर्धा मिलिमीटर. मग व्हॉल्व्ह बंद करून नुसतं बघत बसायचं. आकडा चढून एका जागी अडला तर ओलावा शिल्लक आहे, चढतच राहिला तर अजून कुठेतरी भोक आहे. आज तो जेमतेम हलला. मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून मशीनच्या पाटीवर लिहिलाय तेवढाच गॅस सोडला.

गॅस आधी काढून का घेतला, असंही काकांनी विचारलं. नट सैल करून फुस्सकन सोडून दिला असता तर काम लवकर झालं असतं. पण एक किलो आर-410ए हवेत सोडणं म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबाने दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणं. जुना आर-22 ओझोनचा थर विरवत होता, म्हणून तो 1987 च्या माँट्रियल कराराच्या चौकटीत हळूहळू मागे पडला. त्याच्या जागी आलेले गॅस ओझोनला धक्का लावत नाहीत, पण हवा तापवतात. त्याच करारातल्या 2016 च्या किगाली दुरुस्तीने त्यांनाही कात्री लावली. आता नव्या मशीनमध्ये आर-32 येतोय. त्याचा एक किलो म्हणजे त्याच हिशेबाने 675 किलो कार्बन डायऑक्साइड, आर-410एच्या तिसऱ्या हिश्शाइतका. पण तो थोडाफार पेट घेऊ शकतो, त्यामुळे बिनशिकलेल्या हातात तो देणं मला अजिबात पटत नाही.

जिन्यातून उतरताना माझ्याबरोबर शिकणाऱ्या मुलीने विचारलं, "दादा, नुसता गॅस भरून द्यायला आपण नाही म्हणतो. गिऱ्हाईक जात नाही का?" जातं. थंडीतही जातं. मागे एका घरात हीटिंगचं काम होतं. फर्नेस म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी. तिच्यातला जळका धूर आणि घरातली हवा वेगळी ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरला चीर पडली होती आणि वरच्या खोलीत पाळणा होता. त्या चिरेतून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट तरी घट्ट धरतो. मी फर्नेस बंद केली, गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला, वर चिठ्ठी लावून सही केली. बाहेर कडाक्याची थंडी. घरमालक चिडले, आजची रात्र तरी चालू द्या म्हणाले. नाही दिली. तात्पुरते विजेचे हीटर लावून दिले, तेही प्रत्येक सॉकेटवर किती भार पडतोय ते बघून. परवान्यावर माझं नाव आहे, म्हणून त्या चिठ्ठीवर सही माझीच. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "पाळण्याचं तुम्ही त्यांना सांगितलंत का?" सांगितलं होतं. त्यानंतरच आवाज खाली आले.

दुपारचं काम अर्धवट राहिलं. दोन इमारतींमधल्या बंद डक्टमध्ये आउटडोअर युनिट बसवून हवं होतं, "दिसायला नको" म्हणून. युनिट खोलीतली उष्णता बाहेर टाकतं, त्यात कॉम्प्रेसरने खाल्लेल्या विजेची उष्णताही येते. बंद जागेत तीच गरम हवा परत आत ओढली जाते, दाब चढतो, बिल फुगतं, कॉम्प्रेसर ट्रिप होतो. शिवाय तिथे आधीच चार युनिटं धापा टाकतायत आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंना खिडकी उघडता येत नाही. त्या स्वतः खाली येऊन मला सांगून गेल्या. शहरात एकाच्या गारव्याचा चटका शेजारच्याला बसतो, आणि तो कुठे टाकायचा हे ठरवणारा माणूस मी असतो. मी ते काम घेतलं नाही. गच्चीचा पर्याय सुचवला.

त्यांना गच्ची नको आहे, नळी लांबते म्हणून. उद्या सकाळी टेप घेऊन जाणार आहे. कंपनीने दिलेल्या लांबीच्या आणि उंचीच्या मर्यादेत बसलं तर प्रत्येक जादा मीटरला किती ग्रॅम गॅस लागेल ते लिहून देईन. हिशेब त्या मुलीलाच करायला सांगितलाय.