हिरवा डाग

गव्हाणी घुबडाची मादी खोक्यातून आमच्या उपचार केंद्रात आली, तेव्हा चिठ्ठीवर आधीच लिहिलेलं होतं: ‘धडक’. जमिनीवर सापडलेला, उडू न शकणारा पक्षी म्हणजे कशाला तरी धडकलेला, असं आमच्याकडे जवळपास ठरूनच गेलंय. मला ही सवय अजिबात आवडत नाही. एकदा शब्द पडला की पुढचा माणूस तपासतच नाही.

छाती भरलेली, म्हणजे उपासमार नव्हे. हाडं शाबूत. चोच उघडली तर आतून पांढरीफटक. पंखाखालची पिसं फुंकून बाजूला केली आणि कातडीवर हिरवट डाग दिसला. पक्ष्यांच्या अंगात साकळलेलं रक्त हिरवं होतं, आणि तसं व्हायला दोनेक दिवस जावे लागतात. ही तर त्याच पहाटे खाली पडली होती. म्हणजे पडण्याच्या आधीपासून आतल्या आत रक्तस्राव चालू होता. पंखाच्या शिरेतून थेंबभर रक्त घेतलं. एरवी मिनिटभर बोटाने दाबलं की थांबतं. इथे कापूस बदलत राहिलो आणि तो लाल होत राहिला.

उंदीर मारायचं विष, दुसरं काही नाही. रक्त गोठवणारे घटक तयार करायला यकृताला के जीवनसत्त्व लागतं, आणि ब्रोमॅडिओलोनसारखी विषं नेमकं तिथेच अडवतात. उंदीर खाल्ल्याबरोबर मरत नाही. काही दिवस फिरतो, सुस्तावतो, उघड्यावर येतो आणि घुबडाला आयता सापडतो.

सहकाऱ्याने हाताशी होतं म्हणून के जीवनसत्त्वाचा के-थ्री हा प्रकार सुईत भरायला घेतला. त्याला थांबवलं. या विषावर त्याच जीवनसत्त्वाचं के-वन रूपच लागतं, तेही बारीक सुईने कातडीखाली, दोन-तीन जागी वाटून. स्नायूत टोचलं तर तिथेच रक्त साकळतं. मग अंधारं खोकं, आणि कुणी हात लावायचा नाही. औषध दिलं तरी नवे घटक तयार व्हायला काही तास लागतातच.

“डॉक्टर, पण आमच्याकडे विष कुलपातल्या पेटीत असतं हो,” घुबड घेऊन आलेल्या ताई म्हणाल्या. या घरच्यांनी बागेतला पाचोळा झाडणं सोडलंय, बेडकांसाठी डबकं राखलंय, पाखरांना दाणे ठेवलेत, घुबडासाठी झाडावर लाकडी खोपा बसवलाय. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर आले, म्हणून पेस्ट कंट्रोलवाल्याला काम दिलं. त्याने छातीठोकपणे सांगितलं, पक्ष्यांना धोका नाही. कुलपामुळे कुत्रं-मांजर किंवा पाखरू विषापर्यंत पोचत नाही, हे खरं. पण विष खाल्लेला उंदीर त्याच पेटीतून बाहेर येतो! हे त्या धंद्यातल्या माणसाला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. माझा राग त्याच्यावर आहे, घरच्यांवर नाही.

खोप्यात पिल्लं होती. घुबडीण पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं दोन-तीन दिवसांच्या अंतराने निघतात; थोरल्याला पिसं फुटत होती आणि धाकटं अजून नुसतं लवेचं. खाली आणावीत का? नर शिकार आणत होता, म्हणजे बापाचं छत्र होतं. पण तो आणणार याच बागेतले उंदीर. विष उचललं तरी आधी खाऊन गेलेले उंदीर फिरतच राहणार. मी पिल्लं वरच ठेवली. शिडीवर चढून एकेकाचं तोंड तपासलं, के-वन दिलं. रोज तिन्हीसांजेला, नर शिकारीला निघण्याआधी, आम्ही दिलेले निर्विष उंदीर खोप्यात ठेवायचे, धाकट्यासाठी कापून. पोट भरलेलं असलं तर बापाने आणलेलं कमी खातील, हा हिशोब. ताईंनी एकही संध्याकाळ चुकवली नाही.

तरी एक गेलं, आणि गेलं ते थोरलं. घुबडांच्या खोप्यात बहुधा शेवटचं पिल्लू मागे पडतं, थोरलं तगतं. मला वाटतं, थोरलं अख्खा उंदीर यकृतासकट गिळत होतं, आणि विष साठतं ते यकृतातच. धाकट्यांना आईने तोडून दिलेले तुकडे मिळत होते. ही माझी अटकळ. तपासणीची सोय आमच्याकडे नाही, बाहेर पाठवायला मंजुरी मिळत नाही आणि नोंदवहीत रकाने आहेत ते ‘जखमी’, ‘आजारी’, ‘अनाथ’ एवढेच. विषबाधेला रकानाच नसेल तर विषबाधा कुणाला दिसणार? थोरल्याचं यकृत मी गोठवून ठेवलंय. मंजुरीसाठी पुन्हा अर्ज केलाय.

मादीला काही आठवडे औषध द्यावं लागलं. ते बंद करून थोडे दिवस थांबलो, परत शीर टोचली, रक्त वेळेत थांबलं, तेव्हाच ती सोडण्याजोगी झाली असं मानलं. कुठे सोडायची यावर आमच्यात वाद झाला. दूर न्यावी असं सहकाऱ्याचं म्हणणं. पण तिचा नर इथे, खोपा इथे; मी तिला ताईंच्याच बागेत सोडली. तिथे आता दाण्यांचं ताट रात्री उचलतात, सांडलेलं झाडून घेतात आणि विष बंद आहे. आजूबाजूच्या तीन बागांत मात्र त्याच माणसाच्या पेट्या आहेत. दोन घरी ताई बोलून आल्या. तिसऱ्या घरी येत्या रविवारी मी जाणार आहे, त्या डागाचा फोटो घेऊन.