बाबा म्हणे, आधी दादरा होता मंग केरवा

परवा फोननं आपोआप एक जुना फोटो वर काढला, १५ डिसेंबर २०१९ चा. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, मागं लालभडक झालेला भला मोठा पडदा, अन् पुढं आमचे बाबा. डोक्यावर गुरुदेव सेवा मंडळाची भगवी टोपी, गळ्यात मफलर, अंगात आईनं जबरदस्तीनं घालायला लावलेलं स्वेटर, अन् दोन्ही बाजूला दोन अनोळखी पोट्टे त्यांच्या खांद्यावर हात टाकून दात काढून रायले. फोटो पाहून बायको म्हणे हे लिहून ठेव एकदा, नाहीतर तू दरवर्षी नवीन माणसाला पकडून हीच गोष्ट सांगतोस. म्हणून लिहितोय.

झालं असं की मामेभाऊ वाशीला राहतो, त्यानं यूटू या आयरिश रॉक बँडच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढून ठेवली होती अन् त्याच आठवड्यात वहिनीची डिलिव्हरीची तारीख निघाली. त्याचा फोन आला की तुझंच नाव घेऊन हॉस्टेलात आम्ही शिव्या खायचो ना, ये आता आणि पाहून जा. खरंय ते. अमरावतीला शिकत असताना कोणाकडून तरी कॉपी केलेली एमपीथ्रीची सीडी आली होती, तिच्यात यूटूचा ‘द जोशुआ ट्री’ हा अख्खा अल्बम होता, आणि मी तो इतका वाजवला की रूममेटनं एकदा सीडीच खिडकीतून फेकली. इंग्रजी अर्धं कळायचं नाही. पण गिटारचा आवाज असा यायचा की जणू उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर लांब पाणी चमकून रायलं आहे आणि आपण जवळ गेलो की ते अजून पुढं सरकतं.

आता दुसऱ्या तिकिटाला माणूस पाहिजे. एक मित्र म्हणे कापसाची वेचणी सुरू आहे. दुसरा म्हणे “तुह्या त्या म्हाताऱ्याइले पाहाले कोण येते बे.” त्या वर्षी दिवाळीत अवकाळी पावसानं सोयाबीन पार काळं पडलं होतं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले होते, त्यामुळं कोणाचाच मूड नव्हता हे पण खरं. मी अंगणात बसून फोनवर हे सगळं बोलत होतो आणि बाबा बाजूला शेकोटीवर खंजिरी शेकत होते. थंडीत खंजिरीचं चामडं सैल पडतं, शेकल्याशिवाय बोलत नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं,

“किती वर्साचे हायेत ते गाणेवाले?”

“साठीला आले बाबा. तुमच्याहून दोनतीन वर्षांनी लहान.”

“किती दिसाचं मंडळ हाय?”

“१९७६ पासून.”

“अन् माणसं?”

“तीच. चौघं.”

बाबांनी खंजिरी खाली ठेवली. “तेच चौघं? एकही फुटला नाही?”

“नाही.”

“मंग पाहालेच पाहिजे.”

हे कळायला आमच्या मंडळाचं थोडं सांगावं लागेल. मोझरीचं गुरुकुंज आमच्या गावापासून जवळ, त्यामुळं तुकडोजी महाराजांची खंजिरी इकडं घरोघरी. बाबांचं भजन मंडळ त्यांच्या तरुणपणापासूनचं, सहा माणसं होती. एक वारले, एक पोराकडं पुण्याला गेले, अन् पेटीवाले काका आणि बाबा यांचं नव्या पेटीच्या वर्गणीवरून जे वाजलं ते वाजलं, तीन वर्षं एकमेकांशी शब्द नाही. सायंप्रार्थनेला दोघं येतात, दोन टोकांना बसतात, एकाच भजनात एक पेटी वाजवतो एक खंजिरी वाजवतो, आणि बोलत नाहीत. तर अशा माणसाला त्रेचाळीस वर्षं न फुटलेलं मंडळ म्हणजे काय वाटलं असेल ते समजून घ्या.

आईनं ठणाणा केला. “वेचाले बाया भेटून नाही रायल्या अन् हे बापलेक गाणे ऐकाले मुंबईले चालले.” तिचं बरोबर होतं. तरी गेलो. बडनेऱ्याहून रात्री विदर्भ एक्सप्रेस, सकाळी ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरची लोकल, थेट नेरूळ. रस्ताभर मी बाबांना बँडची माहिती देत होतो, कारण मला भीती होती की हे तिथं जाऊन कंटाळतील. डब्लिनच्या एका शाळेत लॅरी म्युलन नावाच्या, ड्रम वाजवणाऱ्या चौदा वर्षांच्या पोरानं नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली की बँड काढायचा आहे, वाजवणारे पाहिजेत. त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात पहिली प्रॅक्टिस झाली. गाणारा बोनो, गिटारवाला एज, बेस गिटारवाला अ‍ॅडम क्लेटन, सगळे तिथूनच. बाबांनी सगळं ऐकून एकच निष्कर्ष काढला, “म्हणजे मंडळ ढोलकीवाल्यानं काढलं. गाणाऱ्यानं नाही.” आणि स्टेडियम येईपर्यंत हे त्यांनी मला चारदा ऐकवलं. कारण तुम्हाला समजलंच असेल, आमच्याकडं खंजिरी कोण वाजवते.

गेटवर मजा झाली. सिक्युरिटीवाल्या पोरानं बाबांचे खिसे तपासले तर चार खर्ऱ्याच्या पन्न्या निघाल्या. तो बिचारा उत्तर प्रदेशाकडचा असावा, त्यानं खर्रा कधी पाहिलाच नव्हता, घोटलेला तंबाखू सुपारी चुना पाहून त्याचा चेहरा असा झाला की हे नेमकं काय आहे. बाबा त्याला समजावून रायले, मागं रांग वाढून रायली. शेवटी चारही पन्न्या लायटरांच्या डब्यात. “रातभर बिना खर्ऱ्याचं कसं कटंल रे,” हे पुढचा तासभर चाललं.

आम्ही वरच्या स्टँडमध्ये होतो. समोरचा पडदा २०० फूट लांब आणि ४५ फूट उंच, मी आधीच वाचून गेलो होतो पण वाचणं वेगळं. बाबांनी मनातल्या मनात मोजलं आणि म्हणे आपली झेडपीची शाळा दोनदा बसते यात. पडद्यावर झाडाचा आकार, आणि त्याच झाडाची सावली पडल्यासारखा एक छोटा स्टेज लोकांमध्ये पुढं आलेला. “बाभूळ होय का?” नाही बाबा, जोशुआ ट्री, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात होते. “मंग बाभूळच,” म्हणे, “पाणी नाही तिथं दुसरं काय वाढते.”

सुरुवात लॅरीनं केली. एकटा चालत त्या सावलीच्या टोकाशी आला, ड्रमवर बसला अन् ‘संडे ब्लडी संडे’चा तो लष्करी ठेका सुरू. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. काही बोलले नाहीत, नुसतं पाहिलं. ढोलकीवाला आधी आला ना.

मग थोडी जुनी गाणी झाली आणि सगळं स्टेडियम ज्याची वाट पाहत होतं ते आलं. पडदा लाल झाला, अख्खा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, त्याच्यापुढं चार काळ्या आकृत्या, आणि ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ची ती गिटार दुरून येऊन रायली. माझ्या अंगावर काटा. मी रडलो असेन थोडा, अंधार होता. लोक ओरडून रायले, उड्या मारून रायले, बाजूचा पोट्टा बापाच्या वयाच्या माणसाच्या गळ्यात पडून रायला, आणि या सगळ्यात आमचे बाबा मांडीवर बोटं मोजत बसलेले. गाणं संपल्यावर माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले,

“आधी दादरा होता, मंग केरव्यात आले. तू पायलं का?”

मी ते गाणं तोपर्यंत हजार वेळा ऐकलं असेल. माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. घरी येऊन शोधलं तर खरंच, सुरुवातीची गिटार सहाच्या मोजणीत, म्हणजे दादरा तालात आहे आणि पुढं गाणं चारच्या मोजणीत, म्हणजे केरव्यात येतं. हा जोड बसवायला बँडला इतका त्रास झाला होता की त्यांचा निर्माता ब्रायन ईनो वैतागून ती टेपच पुसून टाकणार होता, स्टुडिओतल्या एकानं अडवलं म्हणून वाचली. बाबांना हे सांगितलं तर म्हणे, “कठीणच हाय तो जोड. आमी करतो कधी कधी, पण नवा माणूस असला की तिथंच पडते.”

आणि गिटारवाला एज. तो कायम लोकरीची टोपी घालतो, म्हणून बाबांनी त्याचं नाव टोपीवाला ठेवलं आणि त्याच्याशी एक वेगळंच नातं जोडून घेतलं. तो एक सूर वाजवतो, मशीन तोच सूर ठरलेल्या वेळानं परत पाठवते, आणि मधल्या रिकाम्या जागेत तो दुसरा सूर ठेवतो, असं ते चालतं. मी हे बाबांना ओरडून ओरडून समजावलं. ते म्हणे, “विहिरीत वाकून हाक मारल्यावानी. पण यानं विहीर मोजून घेतली हाय.”

‘द जोशुआ ट्री’ अल्बमची अकराच्या अकरा गाणी त्यांनी ओळीनं वाजवली. आता खरं सांगायचं तर अल्बमची दुसरी बाजू स्टेडियमात थोडी बसते, मी फॅन असून सांगतो. खाण कामगारांच्या गाण्याला पडद्यावर अख्खा ब्रास बँड आला तेव्हा बाबा जागे होते, त्यांची शंका अशी की “पडद्यातल्या बँडवाल्याइले आजचे पैसे भेटले असतीन का?” त्यानंतर ‘वन ट्री हिल’ झालं, ते त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ग्रेग कॅरोल या न्यूझीलंडच्या पोरासाठी लिहिलेलं आहे, १९८६ मध्ये डब्लिनला मोटरसायकल अपघातात गेला तो. हे सांगितल्यावर बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पुढच्या गाण्याला टोपी तशीच मांडीवर आणि बाबा झोपलेले. एवढ्या आवाजात! सप्ताहात रात्रभर लाउडस्पीकरखाली झोपायची सवय, दुसरं काय.

बोनोबद्दल मात्र त्यांची तक्रार होती. गळा चांगला, म्हणे, लोकांकडून झील म्हणून घ्यायची हातोटी चांगली, तो ओळ सोडतो आणि लोक उचलतात, “पण कीर्तनकारावानी बोलते लय.” बोलणं गांधीजींवर आलं, अहिंसेवर आलं, तेव्हा मात्र भाषा न समजता बाबा मान हलवून रायले. मग ए. आर. रहमान त्याच्या दोन्ही पोरींना घेऊन आला आणि ‘अहिंसा’ नावाचं गाणं झालं, त्यात तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथातल्या ओळी आहेत, आणि डब्लिनची माणसं नवी मुंबईत तमिळच्या मागं वाजवून रायली हे पाहून मलाच काही सुचेना. एका गाण्याला पडद्यावर जगातल्या मोठमोठ्या बायांचे चेहरे आले, त्यात आपल्याकडच्याही. शेवटी सगळ्यांनी फोनचे दिवे लावले. बाबांनी पण लावला, साधा फोन, वरच्या टोकाला तो बारका टॉर्च. तो त्यांनी हात उंच करून धरला आणि मला म्हणे, “आपल्याकडं पुण्यतिथीले मौन असते तेव्हा एवढेच लोक असतेत. पण हे गप नाही बसू शकत.”

परतीला गाडीत जागा मिळेना. दुसऱ्या दिवशी १६ तारखेपासून नागपूरचं हिवाळी अधिवेशन, विदर्भाकडं जाणारी गाडी खादीनं भरलेली. आम्ही दोघं दाराजवळ पिशवीवर बसून आलो. बाबांनी रात्रभरात बँडबद्दल एकच वाक्य काढलं, मनमाडच्या आसपास कुठंतरी, मला वाटलं झोपले आहेत: “चौघातला एकही जास्त वाजवत नाही.” बस.

गावात आल्यावर मला वाटलं पेटीवाल्या काकांशी बोलतील. नाही बोलले. त्याऐवजी आठ दिवसांनी मंडळाच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचं इकोचं बटण शोधून काढलं, जे कोणी कधी फिरवलं नव्हतं, आणि सायंप्रार्थनेनंतरच्या भजनात ते पूर्ण फिरवलं. खंजिरीची एक थाप पडे, चार परत येत. बाबा मध्ये थांबत, ऐकत, मग पुढची थाप टाकत. शब्द काही कोणाला कळेनात. शेजारची म्हातारी आजी म्हणे “कावून बाप्पा, भुतावानी आवाज येऊन रायला.” पेटीवाले काका दुसऱ्या टोकाला होते, त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि मग बाबा जिथं थांबत तिथं तेही थांबू लागले.

२०२३ च्या शेवटी लास व्हेगासच्या स्फिअर नावाच्या गोल सभागृहातला यूटूचा व्हिडिओ मी बाबांना दाखवला. अख्ख्या भिंतीवर, छतावर चित्रं, डोकं गरगरेल असा पडदा. बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि पहिला प्रश्न,

“ढोलकीवाला कुठी गेला?”

सांगितलं, त्याचं ऑपरेशन झालं आहे, आराम सांगितलाय, म्हणून दुसरा पोरगा बसवलाय तेवढ्यापुरता. बाबांनी फोन परत दिला. “पहाय त्यालेच दादऱ्यातून केरव्यात नेता येते का,” म्हणाले, आणि खंजिरी शेकायला अंगणात गेले.