तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या टेरेसवरची प्लास्टिकची फुले

"एवढी मोठी टेरेस, साहेबांच्या हाताला एवढा गुण, आणि लावलंत काय, तर प्लास्टिक?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे, की आता पाहुण्याने एखादे पान चिमटीत धरले की तो येणार हे मला कळते. त्यापाठोपाठ बहुतेक वेळा गुलशनाबाद येते. मोगल अमदानीत नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे शहर, म्हणत, हे नाशिककरांना एरवी आठवत नाही. आमची टेरेस पाहिली की हमखास आठवते. आजवर मी "पाणी घालायला वेळ होत नाही" असे सांगून विषय बदलत आले. ते उत्तर कोणालाच पटत नसे, मलाही नाही, म्हणून एकदाचे सविस्तर लिहिते.

माझ्या पतींचे आजारपण तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. रक्ताचा कर्करोग, मुंबईतले रुग्णालय, अस्थिमज्जा प्रत्यारोपण, हे पुन्हा सांगत नाही. तुम्हाला ठाऊक नाही तो सूचनांचा कागद, जो त्यांना घरी सोडण्याआधी माझ्या हाती दिला गेला. पाणी उकळून, कच्ची कोशिंबीर वर्ज्य, गर्दीत जायचे नाही, एवढे अपेक्षित होते. त्याखाली लिहिले होते की घरात मातीच्या कुंड्या नकोत, ताजी फुले नकोत, वाळलेलीही नकोत. मी डॉक्टरांना कारण विचारले. त्यांनी सांगितले की माती, शेणखत आणि कुजणारा पालापाचोळा यांत ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढते, तिचे बीजाणू हवेत तरंगत असतात आणि आपण सगळेच ते रोज श्वासाबरोबर आत घेतो. निरोगी माणसाच्या शरीरातील पांढऱ्या पेशी त्यांचा बंदोबस्त करतात. ज्याची नवी अस्थिमज्जा अजून धडपणे कामाला लागलेली नाही आणि ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली आहे, त्याच्या फुफ्फुसात मात्र तीच बुरशी मूळ धरते आणि प्रकरण जिवावर बेतते. "टेरेस असेल तर ते घरी जायच्या आधी रिकामी करा, ते घरात असताना माती हलवू नका," असे त्यांनी बजावले.

म्हणून यांना धाकट्या दिरांजवळ मुंबईत ठेवून मी एकटी नाशिकला आले. टेरेसवर काय होते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको, पण ज्यांनी पाहिले नाही आणि तरीही प्रश्न विचारला, त्यांच्यासाठी लिहिते. यांचा खरा जीव ॲडेनियमवर होता. खोड फुगीर व्हावे म्हणून दर पुनर्लागवडीला मुळे थोडी वर उचलायची, उन्हाळ्यापूर्वी फांद्या छाटायच्या, पावसाळ्यात झाडे छपराखाली सरकवायची, असे ते वर्षानुवर्षे करत. महापालिकेच्या पुष्पोत्सवाला राजीव गांधी भवनात ती झाडे रिक्षातून मांडीवर घेऊन नेली जात. गुलाब होते, मोगरा होता आणि अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये बोगनवेल होती, जिने कठडा पूर्ण झाकला होता.

मी ओळखीच्या रोपवाटिकावाल्यांना बोलावले. ते टेम्पो घेऊन आले, सगळीकडे फिरून पाहिले आणि म्हणाले, "ताई, साहेबांना विचारलंय ना?" मी हो म्हणून सांगितले. विचारले नव्हते. तेव्हा यांना विचारणे म्हणजे त्यांच्याकडून नकार मागून घेणे होते, आणि नकार मला चालणार नव्हता. हे आज लिहितानाही मला त्यात काही वावगे वाटत नाही. ॲडेनियमचे पैसे घ्या म्हणून ती माणसे मागे लागली. मी घेतले नाहीत. बोगनवेल ड्रमसकट उचलेना, कारण मुळे ड्रमच्या तळातून निघून फरशीच्या फटीत शिरली होती. शेवटी कोयत्याने ती बुंध्याशी तोडावी लागली. सासूबाई दिवाणखान्यात बसून ऐकत होत्या. तुळशीजवळ माणसे पोचली तेव्हा त्या उठून आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हिला टेम्पोत नको घालू." ती कुंडी मग लिफ्टने खाली नेली आणि सोसायटीच्या आवारात फाटकाजवळ ठेवली. त्यानंतर सासूबाई रोज संध्याकाळी गुडघे धरत खाली जाऊन दिवा लावत. प्लास्टिकची तुळस आणण्याचे कोणी तरी सुचवले होते. त्या माणसाशी त्या आजही धड बोलत नाहीत. टेरेस धुतली, घर पुसून काढले आणि चार-पाच दिवसांनी हे आले.

काचेच्या दारापाशी मास्क लावून ते उभे राहिले. लोखंडी मांडण्या तशाच होत्या आणि फरशीवर कुंड्यांचे गोल डाग होते. बराच वेळ पाहून त्यांनी एवढेच विचारले, "बोगनवेल पण?" मी कारण सांगू लागले तर त्यांनी हाताने थांबवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची फिरवून घेतली. टेरेसकडे पाठ आणि समोर टीव्ही. टीव्ही बंद असला तरी ते तसेच बसत. रक्ताचे आकडे सुधारत होते, डॉक्टर समाधानी होते, आणि हे भिंतीकडे तोंड करून बसलेले होते. ज्यांना प्लास्टिक खुपते, त्यांनी ती खुर्ची पाहिलेली नाही.

एके दिवशी मी मेन रोडवरून प्लास्टिकची फुलझाडे आणली: गुलाब, बोगनवेल, मनीप्लांटचे वेल. साबणाने धुऊन, वाळवून मांडणीवर लावली. मला वाटले, हे रागावतील. ते काही बोलले नाहीत, पण दुपारी हाक आली. "गुलाब सावलीत का ठेवलास? त्याला ऊन लागतं." मी म्हटले, "अहो, प्लास्टिकचा आहे." ते म्हणाले, "असू दे." गुलाब उन्हात गेला. खुर्ची हळूहळू वळली. मग ओल्या फडक्याने पाने पुसणे, वेल कठड्याला बांधणे, हे त्यांनी स्वतःच्या हाताने सुरू केले, कारण यात माती नव्हती आणि कागदावर याला मनाई नव्हती.

आता दुसरी बाजूही सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल की मी सोयीचे तेवढेच लिहिले. प्लास्टिकच्या गुलाबाला ऊन मुळीच मानवत नाही. त्याची पाने बहुधा पॉलिथिलीनची आणि पाकळ्या पॉलिएस्टरच्या कापडाच्या असतात. उन्हातील अतिनील किरणांनी त्यांच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि रंग उडतो. आमची टेरेस पश्चिमेकडे तोंड करून आहे. एका वैशाखात लाल गुलाब फिकट गुलाबी झाले आणि पाने हात लावताच चुरू लागली. तो चुरा पावसाच्या पाण्याबरोबर पन्हाळीतून गटारात आणि पुढे गोदावरीत जातो, हे मला कळते. घंटागाडीत सुक्या कचऱ्यात टाकावे, तर तार, कापड आणि प्लास्टिक एकत्र घट्ट बसवलेले असल्यामुळे ते वेगळे करून पुन्हा वापरात येणे कठीण. डास तरी टळतील असे वाटले होते, पण या शोभेच्या कुंड्यांना तळाला भोक नसते, त्यामुळे पावसाळ्यात त्यांतच पाणी साचते, आणि डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. शेवटी मीच तापवलेल्या सळईने भोके पाडली.

माझ्या भावाचा प्रश्न मात्र तुमच्यासारखा नसतो. त्याचे दिंडोरी तालुक्यात गुलाबाचे पॉलिहाऊस आहे. प्लास्टिकची तोरणे आणि मंडपांतली प्लास्टिकची सजावट यांनी भाव कसा पाडला, हे तो दर दिवाळीत आकड्यांनिशी ऐकवतो. देशात 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत सजावटीचे थर्मोकोल आहे, पण फुले नाहीत, यावर त्याचा विशेष राग आहे. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात प्लास्टिकच्या फुलांवर बंदीची मागणी विधिमंडळात झाली तेव्हा त्याने मुद्दाम फोन करून सांगितले, "ताई, आता तुझी बाग बेकायदा होणार." त्याला माझ्याकडे उत्तर नाही. लग्नाआधी मीच आमच्या घरी प्लास्टिकचे तोरण लावू दिले नव्हते, झेंडूचेच लावायला लावले होते. ती मुलगी आज समोर आली तर मला फैलावर घेईल. तिने सूचनांचा तो कागद वाचला नव्हता, एवढेच मी तिला म्हणू शकते, आणि ती म्हणेल की कागदावर प्लास्टिक आणा असेही लिहिले नव्हते. दोघींचेही बरोबर आहे.

अडचणीची गोष्ट अशी की तो कागद आता जुना झाला आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद झाली आहेत. गेल्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "हातमोजे घाला, मास्क लावा आणि बागकाम करा." हे माझ्याकडे पाहून हसले. म्हणजे आता कारण बुरशीचे उरले नाही, माझे उरले आहे. मातीचा वास आला की माझ्या पोटात गोळा येतो. "एकच ॲडेनियम आणू," असे हे म्हणतात, मी "पावसाळा संपू दे" म्हणते, आणि पावसाळा संपला की थंडीत त्याची वाढ थांबते हे त्यांनीच मला शिकवलेले असल्यामुळे ते गप्प बसतात. यांनी हट्ट धरला असता तर मी कदाचित मान्य केले असते. ते धरत नाहीत, याचाही मला कधी कधी राग येतो.

यंदा उडालेल्या रंगाची फुले मी काढून टाकली, पण नवीन आणली नाहीत. खरी आणायची की नाही, हे ठरलेले नाही. तोवर एक विनंती आहे. येताना भेट म्हणून कुंडी आणू नका, खरीही नको आणि प्लास्टिकचीही नको. आणि प्रश्न विचारायचाच असेल तर मला विचारा, यांच्यासमोर नको.