कन्सोलमधली अक्षरे आणि नागपूरचा उन्हाळा

डेस्कटॉप सुरू न करता लिनक्सचा नुसता कन्सोल, म्हणजे कमांड टाइप करण्याचा फक्त मजकुराचा पडदा, फुल एचडी मॉनिटरवर उघडला, की अक्षरे मुंगीएवढी दिसतात. नेहमीच्या फॉन्टमधले एक अक्षर ८ पिक्सेल रुंद आणि १६ पिक्सेल उंच असते, त्यामुळे १९२० बाय १०८० च्या पडद्यावर एका ओळीत २४० अक्षरे आणि एकूण ६७ ओळी बसतात. एवढी लांब ओळ नजरेला पेलत नाही. म्हणून अक्षराचा आकार नुसत्या अंदाजाने न ठरवता ओळीत किती अक्षरे हवीत यावरून ठरवावा, असे माझे मत आहे. १६ बाय ३२ चा टर्मिनस फॉन्ट घेतल्यास १२० अक्षरे आणि ३३ ओळी उरतात, आणि जुन्या ८० अक्षरी ओळीला धरून मांडलेला मजकूर त्यात ऐसपैस मावतो.

कन्सोलचा फॉन्ट बदलणाऱ्या ‘सेटफॉन्ट’ या कमांडने केलेला बदल संगणक पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो. तो कायम करायचा असेल, तर डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर कन्सोल-सेटअप’ ही कमांड रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या, अधिकाराने चालवावी. ती एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत), अक्षरसंच (कोणत्या लिप्यांची चिन्हे हवीत ते), फॉन्ट आणि आकार एकामागून एक विचारते. यातला अक्षरसंचाचा प्रश्न घाईने ओलांडू नये. कन्सोलच्या फॉन्टमध्ये २५६ किंवा ५१२ चिन्हे असू शकतात, आणि कन्सोल फ्रेमबफरवर (पडदा पिक्सेलने रंगवण्याच्या पद्धतीवर) नसून जुन्या मजकूर-मोडमध्ये असेल, तर ५१२ चिन्हांचा फॉन्ट घेतला की अक्षरांचे रंग सोळावरून आठवर येतात. मग फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ कमांडमधली फोल्डरांची उजळ निळी नावे गडद निळी होऊन काळ्या पार्श्वभूमीत जवळजवळ बुडतात. देवनागरीची अपेक्षा मात्र इथे कुठल्याच फॉन्टकडून ठेवू नये, कारण जोडाक्षरे आणि मात्रा जुळवण्याची सोयच या कन्सोलमध्ये नाही.

काळ्यावरचा असा गडद रंग नागपुरात मे महिन्याच्या दुपारी फारच छळतो. कूलर लावायचा म्हणजे हवा बाहेर जायला दार किंवा खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. साहजिकच खोलीत अंधार करता येत नाही आणि काळ्या पडद्यावर मागच्या दाराचे लख्ख प्रतिबिंब पडते. अशा वेळी अक्षर आणखी मोठे करून फारसा उपयोग होत नाही. ‘सेटटर्म’ या कमांडला ‘इन्व्हर्सस्क्रीन ऑन’ असे सांगून पार्श्वभूमी उजळ आणि अक्षरे काळी केली, की प्रतिबिंब बरेचसे लपते. रात्री तोच पडदा डोळ्यांना टोचतो, तेव्हा त्याच कमांडच्या शेवटी ‘ऑन’ऐवजी ‘ऑफ’ लिहून तो पूर्ववत करावा.

डेस्कटॉपवरच्या टर्मिनल खिडकीत यातले ‘सेटफॉन्ट’ चालत नाही. तिथे बहुधा कंट्रोल, शिफ्ट आणि अधिक चिन्ह एकत्र दाबले की अक्षरे वाढतात. एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षित जोडणी करून, दूरच्या सर्व्हरवर काम करतानाही अक्षराचा आकार आपल्या समोरचा संगणकच ठरवतो, त्यामुळे त्यासाठी सर्व्हरच्या फाइलींना हात लावण्याचे कारण नाही.