भिंत काही सापडेना

उपग्रहाच्या प्रतिमा वाचून त्यात काय आहे ते सांगायचं, हे माझं काम. बहुतेक वेळा पीकपाणी, पूर, जंगलतोड. त्या दिवशी मात्र गंमतीचं काम आलं. एका संग्रहालयाला ‘अवकाशातून दिसणारी माणसाची बांधकामं’ असं मोठं पोस्टर करायचं होतं. यादी त्यांनीच पाठवली होती आणि पहिला नंबर अर्थातच चीनच्या भिंतीचा.

सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची प्रतिमा उघडली. तिचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर. भिंत लांबीला हजारो किलोमीटर, पण रुंदीला जेमतेम पाच-सहा मीटर. म्हणजे एकाच पिक्सेलात निम्मी भिंत, निम्मा डोंगर. शिवाय ती त्याच डोंगराच्या दगडामातीची, रंगही तोच. नकाशावरून नेमकी जागा काढली, बँड, म्हणजे प्रकाशाचे वेगवेगळे पट्टे, बदलून पाहिले. शेजारचा कच्चा रस्ता लख्ख दिसत होता, भिंतीचा पत्ता नाही. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई 2003 मध्ये परतल्यावर म्हणालेच होते, आपल्याला भिंत दिसली नाही. मी तर आरामात खुर्चीत बसून, झूम करून शोधत होतो आणि तरीही तीच गत.

यादीतली बाकीची मंडळी पटापट सापडली. थ्री गॉर्जेस धरण शोधायला तर धरण बघावंच लागत नाही. निकट-अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा बँड लावला की पाणी काळं होतं. डोंगरांच्या खाचाखोचांतून पसरलेलं ते काळं पाणी एका ठिकाणी पट्टीनं आखल्यासारखं सरळ थांबतं, तिथं धरण. लांबी 2 किलोमीटरहून जास्त.

दुपारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये संग्रहालयाच्या बाईंना अमेरिकेतल्या युटामधली बिंगहॅम कॅन्यनची तांब्याची खाण दाखवली. “अहो, हा तर डोंगर आहे!” त्या म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमाराला फोटो घेतात. उत्तर गोलार्धात तेव्हा ऊन आग्नेयेकडून येतं आणि सावल्या प्रतिमेत वरच्या बाजूला पडतात. आपल्या डोळ्यांना उजेड वरून यायची सवय, त्यामुळे खड्डा उंचवटा वाटतो. मी प्रतिमा उलटी फिरवली. क्षणात तो ‘डोंगर’ आत गेला, पायऱ्यापायऱ्यांचा, सुमारे 4 किलोमीटर रुंद आणि किलोमीटरभर खोल. त्यांनी मला ती तीनदा फिरवायला लावली.

मग मी यादीत नसलेली जागा दाखवली: स्पेनमधलं अल्मेरिया. समुद्राला लागून पांढरंशुभ्र काहीतरी, पहिल्यांदा बघणाऱ्याला बर्फ किंवा मीठ वाटेल असं. जवळ गेलं की एकमेकांना खेटून बसलेली प्लास्टिकची छपरं दिसतात. भाजीपाल्याची हरितगृहं, 30,000 हेक्टरच्या आसपास. एकही इमारत उंच नाही, बांधणाऱ्यांपैकी कुणाला वरून दिसायची हौस नव्हती. बाईंना जागा आवडली, पण “प्लास्टिकच ना ते?” म्हणून जरा नाराजही झाल्या.

आणि भिंत? ती शेवटी रडारनं मिळवून दिली. एप्रिल 1994 मध्ये नासाच्या एन्डेव्हर अंतराळयानातून घेतलेल्या रडार प्रतिमेत बीजिंगच्या पश्चिमेला सुमारे 700 किलोमीटरवरच्या वाळवंटातला भिंतीचा तुकडा आहे. रडार रंग बघत नाही, स्वतः रेडिओलहरी सोडून त्यांचा परतावा मोजतं. उभ्या पृष्ठभागावरून लहर जोरात परत येते आणि भिंत बारीक उजळ रेघ होऊन उमटते. तिच्याशेजारी पुसट दिसणारी दुसरी, जुनी भिंतही आहे, जी जमिनीवर उभं राहून ओळखणं कठीण. माझ्या मते अख्ख्या पोस्टरमधली हीच सगळ्यात भारी प्रतिमा.

बाईंना ती ‘फोटोसारखी’ वाटली नाही. बरीच घासाघीस झाली. शेवटी भिंतीला कोपऱ्यातली चौकट मिळाली आणि मधली मोठी जागा अल्मेरियाला, फक्त मजकुरातला ‘प्लास्टिक’ शब्द काढायच्या अटीवर. मी ‘आच्छादित शेती’ लिहून दिलं.