स्लॅबच्या आदल्या दिवशी

बँकेनं घरासाठी कर्ज मंजूर केलं म्हणजे सगळे पैसे एकदम हातात पडत नाहीत. काम जोत्यापर्यंत आलं की एक हप्ता, लिंटेल, म्हणजे दारा-खिडक्यांवरची आडवी पट्टी, झाली की दुसरा, स्लॅब पडला की तिसरा. दर टप्प्याला बँक एक माणूस पाठवते, खरंच तेवढं काम झालंय का ते बघून यायला. तो माणूस मी. बेळगाव आणि खानापूर तालुक्यात अकरा वर्षं हेच करतोय. फॉर्म इंग्रजीत, जागेचा उतारा कानडीत आणि मालकाशी बोलणं मराठीत. ई-स्वत्तूचा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मिळकत-नोंदीचा, नमुना 9 आणि 11 लावून वाचण्यापुरती कानडी येते, तेवढ्यावर भागतं.

लोकांना वाटतं, हा इंजिनिअर म्हणजे घर मजबूत आहे का ते बघायला आलाय. तसं नसतं. किती टक्के काम झालं आणि त्याची किंमत किती, एवढंच मी लिहितो. अहवालाच्या शेवटी ठरलेली एक ओळ असते, बांधकामाच्या मजबुतीची तपासणी यात धरलेली नाही. ती ओळ मी इतक्या वेळा छापलीय की वाचायचीच बंद झाली होती.

गोष्ट गेल्या मे महिन्यातली. पिरनवाडीवरून जांबोटीच्या रस्त्याला लागलं की किणयेनंतर झाडी दाट होत जाते आणि माती लाल. त्या बाजूचं एक गाव. घरमालक भाजीची पिकअप घेऊन रात्री चोर्ल्याच्या घाटातनं गोव्याला जाणारा. घरी बायको, दोन मुलं आणि आई. पहिल्या भेटीला गेलो तेव्हा जुनं घर उभं होतं, मातीच्या भिंती आणि वर खानापूरची कौलं. नवीन डोक्यावर आल्याशिवाय हे पाडू नका, असं मी सांगितलं होतं. पण जागा तेवढीच. मग पाडलं. कौलं उतरवून एका कडेला रचून ठेवली, पुढच्या कोपऱ्यात पत्र्याचं शेड मारलं आणि सगळे त्यात. चिऱ्याच्या भिंती वर चढत होत्या तोवर ठीक होतं. मे लागला आणि सगळ्यांचं लक्ष आभाळाकडं. तिकडचा पाऊस एकदा लागला की स्लॅबखालच्या फळ्या-टेकू लावणारा सेंट्रिंगवाला गणपतीपर्यंत फिरकत नाही.

मालकाचा फोन आला, "साहेब, स्लॅब झाला, या."

गेलो तर स्लॅब कुठं झालेला! फळ्या लागलेल्या, लोखंड बांधून तयार, खाली निलगिरीच्या टेकूंचं रान. मिक्सर येऊन दारात उभा. खडी आणि एम-सँडचे (दगड दळून केलेल्या वाळूचे) ढीग, सिमेंट शेडमध्ये मुलांच्या अंथरुणाशेजारी.

"उद्या सकाळी सातला माल चढतोय," मालक म्हणाला. "म्हणजे झालाच की ओ. तुम्ही आज लिहून टाका, हप्ता चार दिवस आधी येतोय. गँगचे पैसे रोख द्यायचे असतात."

तो खोटं बोलत नव्हता. गोव्याहून रात्रभर गाडी मारून आलेला, डोळे लाल. आईनं चहा आणून दिला आणि काही न बोलता माझ्याजवळच बसली. असा चहा प्यायला फार जड जातो. मी म्हणालो, लोखंड बांधून तयार, इतकंच लिहीन, त्याचे जे काय टक्के होतील ते. स्लॅब पडला की परत येतो, त्या फेरीचे पैसे लावणार नाही. मेस्त्री लांबून ऐकत होता. त्यानं मान वळवून मशेरीची पिंक टाकली.

खरं सांगायचं तर एरवी मी खालूनच फोटो काढतो. त्या दिवशी शिडीवर चढलो ते केवळ नाही म्हटल्याची लाज म्हणून. निदान लोखंडाचे फोटो तरी नीट घालू, बँकेला दोन टक्के जास्त सांगता येतील, असा हिशोब.

खोल्यांवरचं काम स्वच्छ होतं. सळई फळीला टेकू नये म्हणून खाली कव्हर ब्लॉक, बांधणी घट्ट. पुढं रस्त्याच्या बाजूला गॅलरी काढलेली, बारा फूट लांब, सव्वाचार फूट बाहेर. वरचा मजला पुढं कधीतरी, पण गॅलरी ह्याच स्लॅबबरोबर ओतायची. तिथं फोटो काढायला वाकलो आणि तसाच थांबलो. खोलीतल्या तळाच्या सळया सरळ पुढं गॅलरीत गेल्या होत्या, तळाशीच. त्यांच्यावर आडवी बारीक जाळी. वरच्या बाजूला काहीच नाही.

दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मधे वाकतो, ताण खालून येतो, म्हणून सळया खाली. गॅलरीला बाहेर आधार नसतो. ती भिंतीपाशी वरून फाटायला बघते. मुख्य सळया तिथं वरच्या अंगाला पाहिजेत आणि त्या मागं खोलीच्या स्लॅबात लांबवर मुरलेल्या पाहिजेत. गॅलरी जेवढी बाहेर, त्याच्या दीडपट आत, असा आमचा ढोबळ हिशोब. काँक्रीट दाबाला खंबीर, ताणाला अगदी नाजूक. सळई चुकीच्या बाजूला घातली की ती असून नसल्यासारखी. आणि माल ओतला की वरून-खालून कुणालाही काही कळत नाही.

मेस्त्रीला वर बोलावलं.

"तीस वर्षं करालोय," तो म्हणाला. "एक गॅलरी पडली असली तर दाखवा. आणि साहेब, तुम्ही बँकेचे की कॉन्ट्रॅक्टर?"

प्रश्न बरोबर होता. मी खाली उतरलो. आता काय करायचं ते कळेना. तोंड उघडणं माझ्या कामात बसत नव्हतं आणि गप्प बसलो तर उद्या सातला माल. शेडच्या दाराशी टोपलीत सकाळच्या नाचण्याच्या भाकऱ्या होत्या. म्हातारीला म्हटलं, "आजी, एक देता?" तिला वाटलं भूक लागलीय, चटणी पण काढायला लागली. मी भाकरी चिऱ्यांच्या ढिगावर ठेवली, अर्धी बाहेर. आतल्या अर्ध्यावर एक चिरा ठेवला आणि बाहेरची कड बोटानं हळूच दाबली. भाकरी काठाशी वरच्या बाजूनं चिरली, मग तुकडा खाली पडला.

"भाकरीत सळई नसते ओ," मेस्त्री म्हणाला.

"नसते म्हणूनच फाटली. आता सांगा, घालायची तर वर घालाल की खाली?"

तो काही बोलला नाही. बोलला तो सळया बांधणारा फिटर, विशीतला पोरगा, हातात चावी तशीच. "कागदावर वर दाखवलीय, मामा. मी म्हणालो होतो." मग कागद कुठंय याची शोधाशोध. तो देव्हाऱ्यामागं निघाला. पायापूजेला नकाशाची पण पूजा केलेली, तेव्हापासून तो देवांमागं. घडीवर हळदीचा बोटभर डाग, आणि डागाच्या बाजूलाच गॅलरीचा छेद, सळई ठळक वरच्या बाजूला. मेस्त्रीनं तो कागद बराच वेळ धरला. पायाच्या वेळी बघितलेलं, पुढं सगळं आठवणीवर चालू होतं. हे बेळगाव भागात काय, कुठंही होतं. मेस्त्री वाईट नव्हता. चिऱ्याच्या भिंतीला ओळंबा लावून बघा म्हणावं, केसभर फरक नाही.

पुढचं पटापट झालं. जाळी सोडली. 10 मिमीच्या सळया, सहा-सहा इंचांवर, मागं साडेसहा फूट खोलीच्या स्लॅबात नेऊन, खाली सळईच्याच वाकवलेल्या खुर्च्या देऊन वर उचलून धरलेल्या. पूर्ण लांबीच्या नऊ सळया जास्तीच्या लागल्या, साठ-पासष्ट किलो लोखंड. मालकानं त्यासाठी कुणाकुणाला फोन केले ते मी ऐकलं, पण ऐकलं नाही असं केलं. मेस्त्री पोरांवर ओरडत होता, वरच्या सळयांवर पाय देऊ नका, फळी टाकून चाला. स्लॅब एक दिवस पुढं गेला. त्या संध्याकाळी वळीव आला आणि अर्धा तास झोडपून गेला. नंतरच्या सकाळी ऊन होतं. मालकानं नारळ फोडतानाचा फोटो पाठवला. मी फोन करून एवढंच सांगितलं, गॅलरीचे टेकू काढताना बाहेरच्या कडेपासून आत या, उलटं नको. "मेस्त्री तेच म्हणाले," तो म्हणाला.

हप्ता माझ्यामुळं बारा दिवस उशिरा आला. गँगचे पैसे त्यानं भिशी उचलून दिले.

पण मला सांगायचं ते त्या दिवशीच्या परतीच्या रस्त्यातलं. एक दिवस उशिरा गेलो असतो तर स्लॅब पूर्ण असं लिहून मोकळा झालो असतो, तेही खरंच लिहून. अकरा वर्षांत असे किती लिहिले असतील? गाडी चालवत हाच हिशोब करत होतो आणि किणयेच्या अलीकडं एक घर दिसलं. दोन वर्षांपूर्वी मीच पास केलेलं, पुढं अशीच लांबलचक गॅलरी. तेव्हा गेलो तर स्लॅबवर पाणी साठवायला आळी घातलेली, खालून फोटो काढून निघालो होतो.

थांबलो. बाईनं ओळखलं. "काय ओ साहेब, हप्ता राहिला काय आमचा?" म्हणाली आणि हसली. म्हटलं, तसं काही नाही, गॅलरी बघायची होती जरा. "या की वर."

चीर असलीच तर ती वरच्या बाजूला, भिंतीजवळ दिसणार. गुडघ्यावर बसून बघितलं. सगळी फरशी. सांडगे वाळत घातलेले, ते तिनं उचलून बाजूला केले. फरशीचा सांधा भिंतीपाशी सरळ होता, पण फरशी वर्षाचीच होती. बाहेरची कड झुकलीय का ते बघायला तांब्याभर पाणी मागितलं आणि ओतल्यावर लक्षात आलं, पावसाचं पाणी जावं म्हणून गॅलरीला उतार बाहेरच देतात. पाणी बाहेरच गेलं. त्यावरून काय कळणार!

"इथं एका वेळी किती माणसं बसत असतील?" मी विचारलं.

"एरवी कोण बसतंय ओ," ती सांडगे परत मांडत म्हणाली. "गणपतीत विसर्जनाची मिरवणूक बघायला येतात सगळे. पंचवीसेक तरी असतील."