पाच दिवस डिट्टो

लॅबच्या परीक्षेच्या निकालाची ईमेल आली तेव्हा मी बडोद्याच्या दांडिया बाजारात स्कूटर कडेला लावून सेव-उसळ खात होते. फोनवरच पीडीएफ उघडली, आमच्या लॅबचा कोड शोधला, बोट सीओडीच्या, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाच्या, ओळीवर नेलं. झेड स्कोअर उणे 3.1. बशीतली उसळ तशीच राहिली.

आमची लॅब मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत आहे. माणसं सात, काम पाण्याचं आणि सांडपाण्याचं. नंदेसरीकडचे ग्राहक रिपोर्टवर एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा, शिक्का मागायला लागले तसं शेठनी ठरवलं, आता मान्यता घ्यायची. म्हणजे लॅबच्या कामाचं मानक आयएसओ/आयईसी 17025, त्याची 2017 ची आवृत्ती. कार्यपद्धती लिहिण्यात माझे चार महिने गेले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फायली जाड होतात आणि पाठ दुखते.

पण नुसत्या फायलींवर भागत नाही, पीटी द्यावी लागते, प्रोफिशियन्सी टेस्टिंग, लॅबची परीक्षाच. एकच पाणी बऱ्याच लॅबना पाठवतात, प्रत्येकीने आपला आकडा कळवायचा. मग ठरलेल्या मूल्यापासून तुम्ही किती लांब आहात हे प्रमाण विचलनाने भागून सांगतात, तोच झेड स्कोअर. भागाकार 2 च्या आत आला तर ठीक, 2 ते 3 शंकास्पद, 3 च्या पलीकडे नापास. त्या पाण्यात सीओडी 200 होतं, विचलन 8. आम्ही 175 कळवलं होतं.

माझा पहिला संशय गेला तो तापमानावर. मे महिना, त्या आठवड्यात एसी बिघडलेला, खोलीत 34 अंश. आमच्या ब्युरेटवर 27 अंशांचा छाप आहे. आपल्याकडची जुनी काचेची मापं त्याच तापमानाला धरून केलेली असतात. कागद घेऊन हिशेब केला. सात अंशांनी पाण्याचं आकारमान फुगतं जेमतेम 0.2 टक्के. आमची चूक साडेबारा टक्क्यांची. एसीवाल्याला मनातल्या मनात सोडून दिलं.

दुसरा संशय माणसावर गेला, आणि हे लिहायला मला बरं वाटत नाही. आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन, सगळे त्यांना काकाच म्हणतात. पीटीचं पाणी त्यांनी केलं होतं. पिपेटच्या टोकाशी राहणारा शेवटचा थेंब ते फुंकून काढत असतील का? ए क्लासच्या पिपेटमध्ये तो थेंब तसाच सोडायचा असतो, मापात तो धरलेला नसतो. मी आडून आडून विचारायला लागले तसे ते म्हणाले, "ताई, सरळ बोला ना. हात तपासायचाय माझा? तपासा."

तपासला. एसी तोवर दुरुस्त झाला होता, खोली 27 अंशांवर आणली. वीस मिलीच्या पिपेटने दहा वेळा पाणी सोडायचं आणि प्रत्येक वेळी वजन करायचं. वीस मिली पाण्याचं वजन वीस ग्रॅम भरत नाही हे शाळेत कोणी सांगत नाही. 27 अंशांना ते विरळ झालेलं असतं, शिवाय हवाही त्याला थोडं उचलून धरते. काट्यावर यायला हवे 19.91 ग्रॅम. काकांची दहाही वजनं 19.91 च्या मागेपुढे एका सेंटिग्रॅमच्या आत पडली. मग ते म्हणाले, "आता तुम्ही करा." माझा फरक त्यांच्या दुप्पट निघाला. त्या दिवशी चहा मी मागवला.

शेवटी रजिस्टर काढलं. हे आधी करायला हवं होतं.

सीओडीची रीत अशी. भारतीय मानक आयएस 3025 चा भाग 58. नमुन्यात पोटॅशियम डायक्रोमेट, सल्फ्युरिक ॲसिड आणि सिल्व्हर सल्फेट घालून दोन तास रिफ्लक्स करायचं, म्हणजे वाफ थंड करून परत आत पाडत उकळायचं. क्लोराइड गडबड करू नये म्हणून मर्क्युरिक सल्फेट. पाण्यात सेंद्रिय घाण असेल तितकं डायक्रोमेट खर्च होतं. उरलेलं किती ते फेरस अमोनियम सल्फेटने, आम्ही एफएएस म्हणतो, टायट्रेट करून, म्हणजे रंग पलटेपर्यंत थेंब थेंब घालून, मोजायचं. त्यात खुणेसाठी घातलेल्या फेरोइनचा रंग निळसर हिरव्यावरून एकदम विटकरी होतो. सोबत एका फ्लास्कमध्ये नुसतं शुद्ध पाणी घेऊन त्यालाही हेच सगळं करायचं. तो ब्लँक. ब्लँकला लागलेल्या मिलीतून नमुन्याला लागलेले मिली वजा केले की घाणीचा हिशेब लागतो.

रजिस्टरमध्ये सोमवारी ब्लँक 25.0 मिली. मंगळवारपासून शनिवारपर्यंत, त्याच रकान्यात, खाली पाच वेळा डिट्टोची खूण. पीटीचं पाणी शनिवारी झालं होतं.

एफएएसची गंमत ही की ते बाटलीत बसल्या बसल्या हवेने ऑक्सिडाइज होतं आणि रोज थोडं कमजोर पडतं. त्याची नॉर्मॅलिटी, म्हणजे तीव्रता, वापराच्या दिवशीच काढायची, हे पुस्तकात असतं आणि आमच्या कार्यपद्धतीतही मीच लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात मुद्दाम सोमवारचं द्रावण शनिवारपर्यंत ठेवलं आणि ताजा ब्लँक केला. 25.8 मिली. म्हणजे सहा दिवसांत सुमारे तीन टक्के झीज.

तीन टक्क्यांनी साडेबारा टक्के कसे बुडतात? वजाबाकीत. खरा ब्लँक 25.77, नमुना 20.62, फरक 5.15. आम्ही शिळा 25.0 धरला, तर फरक 4.38. मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा केला की मोठ्यातली लहानशी चूक उरलेल्या लहान आकड्याच्या मानगुटीवर बसते. 4.38 ला सोमवारच्या 0.1 नॉर्मॅलिटीने आणि सूत्रातल्या 400 ने गुणलं की 175. नेमका आमचा आकडा.

आम्ही तपासणीचं द्रावणही करत होतो. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट 425 मिलिग्रॅम लिटरभर पाण्यात, सीओडी यायला हवं 500. कंट्रोल चार्टवर वर्षभर सुरेख सरळ रेघ होती. ते सोमवारी करत होतो, ताज्या एफएएसने.

"काका, डिट्टो का?" विचारल्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही. कपाटातून एक जुना कागद काढून समोर ठेवला. काम वाढलं होतं, रिफ्लक्सच्या जागा सहाच, सिल्व्हर सल्फेट महाग, म्हणून "ब्लँक आठवड्यातून एकदा चालेल", दोन वर्षांपूर्वीचा, खाली माझी सही. माझे आजोबा कलाभवनात डाइंग शिकलेले; सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेली ती संस्था, त्यांच्या बोलण्यात घराइतकीच यायची. वहीत खोटा आकडा लिहिलास तर कापड सांगतं, असं ते म्हणायचे. त्या संध्याकाळी घरी जाताना ते फार आठवले.

पाच वेळा "का?" विचारून मूळ कारण लिहिण्याचा एक फॉर्म असतो. पाचव्या "का"पुढे मी माझं पद लिहिलं. दुसऱ्या पीटीत झेड 0.4 आला.

एनएबीएलचं असेसमेंट दोन दिवस चाललं. तांत्रिक असेसर मॅडम थेट काकांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि सीओडी समोर करायला लावलं. मग वजनकाट्याकडे वळल्या. काटा कशाने तपासला, ती वजनं कुणी तपासली, असं मागे मागे जात आम्ही दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या 57 क्रमांकाच्या, भारताच्या प्रमाण किलोग्रॅमपर्यंत पोचलो. 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या तुकड्यावरून प्लँकच्या स्थिरांकावर गेली, हेही मी उत्साहाने सांगून टाकलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते छान. ब्युरेटचा 0.05 तीनच्या वर्गमुळाने का भागलात?" सांगितलं: टॉलरन्सच्या, म्हणजे मापाला चालणाऱ्या चुकीच्या, आत खरं मूल्य कुठेही असू शकतं, सगळीकडे सारख्या शक्यतेने, म्हणून 0.029, आणि वाचनं दोन असल्याने फरकात 0.041. ब्युरेटचा वाटा त्यामानाने किरकोळच निघतो. आमच्या आकड्याच्या अनिश्चिततेत, म्हणजे अधिक-उण्यात, सगळ्यात मोठा हिस्सा होता आमच्याच पुन्हा पुन्हा करण्यातल्या फरकाचा.

एनसी, म्हणजे नियमात न बसणाऱ्या गोष्टी, दोन निघाल्या. टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, ओव्हन 180 अंशांवर चालतं आणि त्याच्या थर्मामीटरचं कॅलिब्रेशन 120 पर्यंतच केलेलं. चार महिने मी ते सर्टिफिकेट रोज बघत होते! दुसरी अशी की पास-नापास कोणत्या नियमाने ठरवणार, हे ग्राहकाशी लेखी ठरलेलं नव्हतं.

या दुसरीची किंमत मान्यता मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात कळली. नंदेसरीचे एक जुने ग्राहक रिपोर्ट हातात घेऊन आले. सीओडी 244, अधिक-उणे 14. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा 250.

"ताई, आ पास छे के फेल?"

मी म्हटलं, नियम तुम्हीच सही करून निवडलाय, आकडा मर्यादेच्या आत तर पास. तेव्हा पास. पण खरं मूल्य 250 च्या वर असण्याची शक्यता पाचात एक आहे. ते गप्प. मग विचारलं, आधीच्या रिपोर्टवर हे अधिक-उणे का नव्हतं? मी म्हटलं, तेव्हाही होतं, आम्ही छापत नव्हतो. आणि हा आकडा 238 असता तर मी एवढं बोललेच नसते.

त्यांनी रिपोर्टची चार घड्या घालून खिशात ठेवली. दारातून वळून म्हणाले, "तो पछी 238 लावीश." म्हणजे, तर मग 238 आणेन.